चोवीस काळी, अठरा पांढरी

बटणांच्या त्या कारखान्यात एक जुनी रीत होती. सगळ्यांना विचारून काही ठरवायचं असलं, की मत बटणाने द्यायचं. गिरमिटखोलीत, पडद्याआड, हाताने चालवायचं एक जुनं मशीन होतं. त्याच्या एका बाजूला पांढऱ्या कोऱ्या चकत्यांची टोपली, दुसऱ्या बाजूला काळ्यांची. एकेकाने आत जायचं, पडदा ओढायचा, मनातल्या रंगाची चकती उचलायची, दांडा खाली ओढत आणि चकती बोटांनी फिरवत तिला चार भोकं पाडायची, आणि पत्र्याच्या डब्यात टाकायची. बिनभोकाची चकती म्हणजे बाद मत. "आधी भोकं, मग मत," असं पहिले मालक म्हणायचे म्हणे. ज्याच्या हाताला काम ठाऊक, त्यानेच तोंड उघडावं. म्हणून कारकून असो की झाडणारी, नवीन माणूस पहिले तीन महिने त्या मशीनवर बसायचाच.

चहावाला बदलायचा का, सुट्टी कोणत्या वारी, पंखे घ्यायचे की खिडक्या वाढवायच्या, सगळं असंच ठरलं होतं. मशीन एक, गिरमिट एक, चकत्या एका साच्यातल्या. कोणी काय टाकलं ते ब्रह्मदेवालाही कळायचं नाही, असं सगळे म्हणत.

ब्रह्मदेवाला नसेल कळत. मास्तरणीला कळायचं.

मास्तरीण एकोणीस वर्षं निवडीच्या टेबलावर बसत होती. तडा गेलेलं, भोक सरकलेलं, रंग न धरलेलं बटण बाजूला काढायचं, हे तिचं काम. डब्यातली मतं मोजायचं कामही तिच्याकडेच, कारण एवढ्या वर्षांत तिचा आकडा कधी चुकला नव्हता. मोजणाऱ्याने मत द्यायचं नाही, एवढाच त्यातला तोटा. तिचं खरं नाव पगाराच्या यादीत होतं, पण नवरा गिरमिटखोलीचा मास्तर, म्हणून ती मास्तरीण. कारखान्यातल्या बेचाळीसही जणांना भोक पाडायला त्यानेच शिकवलं होतं. संध्याकाळी घरी येताना तो शिकाऊ मंडळींची बटणं खिशात टाकून आणायचा. दोघं दिव्याखाली बसायची आणि एकेक बटण बोटावर घेऊन वाचायची.

"हा बघ, घाईचा. चौथं भोक पाडताना याचं मन डब्याच्या सुट्टीत गेलेलं."

"आणि ही भित्री. दांडा अर्धाच ओढते, मागून कड फुटत नाही नीट."

"हिचं तिसरं भोक कायम बाहेर पळतं. सासर सोडून निघाल्यासारखं!"

अशी हसत बसायची. आणि दिवसा निवडीच्या टेबलावरच्या बायका हात चालू ठेवून एक ओवी म्हणायच्या, तीही तिनेच जुळवलेली:

बोटानं बघावं गं, डोळ्यानं ऐकावं
चार भोकांमधून बाई, माणूस ओळखावं

त्या ओवीत काही गुपित असेल असं कोणाला कधी वाटलं नाही. गाणं आपलं गाणं.

मग मास्तरच्या किडन्या गेल्या. आधी पाय सुजले, मग डोळे, मग डॉक्टरांनी सांगितलं, की आता आठवड्यातून दोनदा मशीनवर यायचं. मंगळवार आणि शुक्रवार. चार-चार तास रक्त बाहेर काढायचं, धुवायचं, परत आत सोडायचं. दोन वर्षं हे चाललं होतं. खर्च कारखान्याच्या आरोग्य विम्यातून भागायचा, कारण मास्तरचं काम सुटलं, तरी मास्तरणीच्या विम्यात तिचा नवराही होता. तिच्या एका पगारातून ते झालं नसतं, हे सांगायला गणिताची गरज नव्हती.

विमा दरसाल नवा करावा लागे. त्या वर्षी विमावाला चकचकीत बूट घालून आला आणि जेवणाच्या खोलीत भिंतीवर चित्रं पाडून त्याने दोन योजना समजावल्या. पहिली योजना आहे तशीच: आधीपासूनचे सगळे आजार धरलेले. फक्त दरमहा पगारातून कापायची रक्कम तिप्पट, म्हणजे जवळजवळ दोन दिवसांची मजुरी. दुसरी स्वस्त, अर्ध्या दिवसाच्या मजुरीत बसणारी. तिच्यात बाळंतपण, दात, चष्मा, वर्षातून एकदा फुकट तपासणी. फक्त आधीपासूनचे आजार पहिली चार वर्षं धरायचे नाहीत.

"पहिली तिप्पट का?" कोणीतरी विचारलं.

विमावाल्याने ताटाएवढं एक वर्तुळ भिंतीवर आणलं. त्याचा एवढा मोठा भाग लाल होता, की उरलेला भाग चावून टाकल्यासारखा दिसत होता. "गेल्या वर्षी तुमच्या सगळ्यांच्या मिळून क्लेमच्या दर शंभर रुपयांतले एकाहत्तर एकाच घरात गेले," तो म्हणाला. "नाव सांगत नाही. नियमात बसत नाही."

बेचाळीस डोक्यांतलं एकही डोकं मास्तरणीकडे वळलं नाही. वळली असती तर बरं झालं असतं. सगळ्यांच्या माना अशा ताठ, जशी फोटोला बसलेली माणसं. तिला आपल्या हातांचं काय करावं कळेना. तिने ते पदराखाली घेतले.

मॅनेजर साहेब उठले. "मालक म्हणतात, माझी सक्ती नाही. तुमचा विमा, तुम्ही ठरवा. आपल्याकडे लोकशाही आहे. पांढरं म्हणजे पहिली योजना, काळं म्हणजे दुसरी. शनिवारी मत."

शनिवारपर्यंतचे चार दिवस निवडीच्या टेबलापाशी जत्रेसारखी वर्दळ होती.

पॅकिंगमधली साखरी आली. जिभेवर सदा साखर, म्हणून साखरी. तिने मास्तरणीच्या गळ्यात हात टाकला. "वहिनी, तुम्ही जिवाला घोर लावून घेऊ नका हं. मी तर काळ्या टोपलीकडे बघणारसुद्धा नाही. मास्तरांनी हात धरून शिकवलंय मला."

रंगखात्यातून नणंद आली, कोपरापर्यंत निळी. मास्तरची थोरली बहीण. "सख्खा भाऊ आहे माझा. मला काय विचारतेस?"

"मी कुठे विचारलं, वन्सं?"

"तोंडावर लिहिलंय तुझ्या. असं तोंड घेऊन फिरू नकोस, लोकांना वाटेल आपण भीक मागतोय."

लांब्याने मात्र काहीच सांगितलं नाही, आणि त्याला सांगायची गरजही नव्हती. लांब्या हा मास्तरचा सगळ्यात लाडका चेला. उंच, हसरा, हाताला जादू. मंगळवारी आणि शुक्रवारी तोच घरी येऊन मास्तरला पाठीवर घेऊन तीन जिने उतरवायचा. "मास्तर, वजन वाढलं हो तुमचं! रक्त धुतात की त्यात पाणी घालतात?" असं म्हणून हसवायचा. त्याची बायको पोटुशी होती, दिवस भरत आले होते. मास्तरणीने तिच्यासाठी दुपटी शिवायला घेतली होती.

आणि एक वाफेवाला. मागच्या बॉयलरपाशी एकटाच असायचा, कोणाशी पटत नसे. तो टेबलापाशी आला तो तांब्या भरायला. "तुझ्या नवऱ्यापायी आम्ही किती दिवस पगार कापून घ्यायचा?" तोंडावर म्हणाला, आणि तांब्या घेऊन निघून गेला. मास्तरणीच्या डोळ्यांना धार लागली. साखरीने तिला पाणी पाजलं. "जाऊ द्या वहिनी, कुत्र्याचं शेपूट ते. एक मत गेलं तर गेलं. बाकी सगळे आपलेच आहेत ना!"

शनिवारी दुपारी मत झालं. मोजणारीने तिकडे फिरकायचं नाही, म्हणून मास्तरीण आपल्या टेबलापाशीच होती. एकेक जण पडद्याआड गेला, आतून मशीनचा तो ओळखीचा आवाज चारदा आला, आणि पडदा सरकला. मग साहेबांनी डबा निवडीच्या टेबलावर आणून ठेवला. सगळे भोवती उभे राहिले. मास्तरणीने निळं फडकं अंथरलं आणि डबा पालथा केला.

काळी जास्त आहेत हे मोजण्याआधीच दिसलं. निळ्यावर काळं नीट दिसत नाही, तरी दिसलं.

ती मोजू लागली. तिला नुसतं मोजायचं होतं, वाचायचं नव्हतं. पण एकोणीस वर्षांची बोटं ती, सांगून थोडीच थांबतात! एक काळं उचललं, आणि तिसरं भोक बाहेर पळालेलं. साखरी. दुसरं काळं, दांडा अर्धाच ओढलेला. हिशेबनीस बाई, जिने काल तिच्या डब्यात स्वतःचा डबा रिकामा केला होता. तिसरं, चौथं, पाचवं. कापणीतला जाड्या, जो मास्तरला बाप म्हणायचा. त्याचा भाऊ, जो त्याहून मोठ्याने म्हणायचा. आणि मग एक काळं असं हाताला लागलं, की त्याची भोकं उलट्या फेऱ्याने गेलेली. डावखुऱ्या हाताने फिरवलेली चकती. त्या कारखान्यात डावखुरं एकच माणूस होतं. काठाला निळ्या रंगाचा ठसाही होता, इतकी घाई होती वन्संना.

तिने ते बटण काळ्या ढिगात ठेवलं. दुसरं उचललं.

शेवटाकडे ती अडली. एक पांढरं आणि एक काळं, दोन्ही एकाच हाताची वाटत होती. हलका, खात्रीचा हात. चौथं भोक पहिल्याशी असं मिळवलेलं जणू गाण्याची ओळ परत धृपदावर आली. असा हात मास्तरचा, आणि त्याच्यानंतर एका लांब्याचा. पण एका माणसाची दोन मतं कशी असतील? आणि वाफेवाल्याचं ते रागाने ठोकल्यासारखं, कडा फोडलेलं बटण ढिगात कुठेच नव्हतं. म्हणजे या दोनांतलं एक त्याचं. आज बऱ्या हाताने काम करावंसं वाटलं असेल मेल्याला. दोनांतलं कोणतं, हे विचारायलाच नको होतं. त्याने तोंडावर सांगितलं होतं.

"काळी चोवीस," ती म्हणाली. "पांढरी अठरा."

आकडा खरा होता. भोकं पाडलेली चार पांढरी बटणं तिच्या मांडीवरच्या ताटलीत होती, चार काळ्यांच्या जागी सरकवायचाच अवकाश होता. पण साहेब डोक्यावर उभे होते, आणि दुसरं म्हणजे तिला ते सुचलंच उशिरा.

"झालं तर मग!" साहेबांनी टाळी वाजवली. "दुसरी योजना. शांतपणे पार पडलं, अभिनंदन सगळ्यांचं."

तेवढ्यात साखरी तिच्या गळ्यात पडली. हुंदके देऊन रडायला लागली. "वहिनी, कशी हो ही माणसं! दगड आहेत दगड! मी पांढरंच टाकलं हो, पोराबाळांची शपथ, पांढरंच!"

हे रडणं नसतं झालं, तर पुढचं काहीच झालं नसतं. मास्तरीण मोजून उठली असती, घरी गेली असती.

तिने साखरीचा हात गळ्यावरून सोडवला. काळ्या ढिगात बोट फिरवलं, एक बटण उचललं आणि साखरीच्या तळव्यावर ठेवलं. "हे घे. तुझं तिसरं भोक अजून बाहेर पळतं. दहा वर्षं झाली, सुधारलं नाहीस."

साखरीचे हुंदके जागच्या जागी सुकले.

मग मास्तरीण उठली. फडक्याची चार टोकं हातात धरून, झोळीत काळी बटणं घेऊन, एकेकासमोर गेली. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. नुसतं बटण ठेवायची आणि म्हणायची, "हे तुमचं." हिशेबनीस बाईंचं त्यांच्या वहीवर. जाड्याचं जाड्याच्या हातात. त्याच्या भावाने हात मागे घेतला, तर त्याच्या वरच्या खिशात. कोणी म्हणालं नाही, की माझं नाही. बावीस झाली. तेविसावं तिने नणंदेसमोर धरलं.

"वन्सं, रंग पुसायचा तरी होता."

नणंदेने बटण घेतलं, तिच्याकडे रोखून पाहिलं आणि म्हणाली, "माझी दोन पोरं आहेत. चष्मे लागलेत दोघांना. तुझा नवरा चार वर्षं जगणार आहे का?"

हे सगळ्यांनी ऐकलं. विमावाल्याने वर्तुळात दाखवलं ते हेच, फक्त त्याने रंगात दाखवलं होतं.

चोविसावं बटण मास्तरणीने मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या वाफेवाल्यासमोरच्या स्टुलावर ठेवलं. त्याचे हात खिशात होते. त्याने बटणाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, पण हात बाहेर काढला नाही.

"हे काय चालवलंय?" साहेब भानावर आले. "मत गुप्त असायला हवं! हे मतदान रद्द. सोमवारी परत घेऊ. चिठ्ठ्या टाकायच्या, मी स्वतः मोजणार."

घरी जाताना मास्तरणीच्या पायांत बळ आलं होतं. रद्द! तिने ते मागितलंही नव्हतं. चोवीस आणि अठरा. चार माणसं फिरली की बावीस होतात. चोवीस जणांना सगळ्यांदेखत लाज वाटली होती. त्यातल्या चौघांना तरी ती सोमवारपर्यंत टिकेल की नाही? तिने जिन्यावरच बोटं मोडून चौघं ठरवलेसुद्धा.

मास्तर खिडकीपाशी बसला होता. "काय झालं?"

तिने सांगितलं. बहिणीचं ते शेवटचं वाक्य तेवढं गाळलं.

"आणि लांब्या?"

"पांढरं. तुमच्यासारखंच भोक पाडतो अगदी."

मास्तर हसला. दोन दिवसांनी हसला. "मग चार मिळतील. माणसं वाईट नाहीत गं, चुकार आहेत. एकदा दाखवून दिलं, की सरळ पाडतात."

सोमवारी सकाळी कामाची घंटा व्हायच्या आधी वाफेवाला पुढच्या दालनात आला. असा तो कधी येत नसे. त्याने उजवा हात खिशातून काढला आणि सगळ्यांसमोर वर धरला. मनगटापासून बोटांपर्यंत पट्टी होती, पिवळ्या मलमाने भिजलेली.

"शुक्रवारी वाफ लागली," तो म्हणाला. "या हाताने भोकं पाडता येतात का? लांब्याला विचारा. त्याला आत नेलं, चकती मी निवडली, भोकं त्याने पाडून दिली. कोणता रंग होता रे?"

लांब्या मशीनला तेल घालत होता. त्याने मान वर केली नाही. "पांढरा."

मास्तरणीला शनिवारची ती दोन बटणं आठवली. एका हाताची दोन बटणं. एक पांढरं, दुसऱ्याचं. एक काळं, स्वतःचं. तिने लांब्याकडे पाहिलं. तो तेल घालत राहिला.

"आणि तुझं?" तिने विचारलं. "लांब्या, तुझं रे?"

"माझंही पांढरंच होतं, वहिनी."

ढिगात त्या हाताचं पांढरं एकच होतं. हे त्या दालनात दोन माणसांना ठाऊक होतं, आणि त्यातल्या एकीचं आता कोणी ऐकणार नव्हतं.

"ऐकलंत?" साखरीचा आवाज असा फुटला जसं झाकण उडावं. "चुकली! त्याचं पांढरं असताना काळं त्याच्या माथी मारलं! मग आमचं कशावरून? मी शपथ घेऊन सांगत होते!"

"माझंही पांढरं होतं," हिशेबनीस बाई म्हणाल्या.

"माझंही."

"अन् माझं खिशात घातलं, सगळ्यांदेखत! घरी पोरीने विचारलं, बाबा हे काय."

दहा मिनिटांत चोवीस काळी बटणं पांढरी झाली. चोवीसच्या चोवीस जणांवर आळ आला होता, चोवीसही निर्दोष होते. मास्तरीण उभीच होती. तिला म्हणायचं होतं, की अहो, सगळ्यांचं पांढरं होतं तर मग काळी टाकली कोणी? पण हा प्रश्न इतका सोपा होता, की तो न ऐकायचं सगळ्यांनी आधीच ठरवलेलं होतं.

ती वाफेवाल्याकडे गेली. "माझं चुकलं. माफ करा मला."

"मी बोलतो वाकडं," तो म्हणाला. "कापलेला पगार मलाही झोंबतो. पण मास्तरने मला शिकवलं तेव्हा बाकी कोणी माझ्या शेजारी बसत नव्हतं. म्हणून पांढरं टाकलं. तू सगळ्यांदेखत ते काळं केलंस. आता तसंच असू दे."

आणि हात खिशात घालून बॉयलरकडे निघून गेला.

राहिले सतरा पांढरे. त्यांच्याकडून तरी काही चुकलं नव्हतं. पण दुपारच्या सुट्टीत झाडणारी तिच्यापाशी येऊन दबक्या आवाजात म्हणाली, "वहिनी, मला बटण दिलं नाहीत तुम्ही, आणि माझ्या नवऱ्याला दिलंत. दोन दिवस तो विचारतोय, घर आधी की मास्तर आधी. तुम्ही सगळ्यांनाच दिली असतीत तर बरं झालं असतं." दुसरी एक तिच्या टेबलाशी बटणांची ताटली ठेवताना हात पदरात गुंडाळून आली. एकोणीस वर्षं ही बाई आपले हात वाचत बसली होती, गाणं म्हणत वाचत होती, हे आता सगळ्यांना कळलं होतं. काळं टाकणाऱ्याला त्याचा राग होता, आणि पांढरं टाकणाऱ्याला भीती. परवापर्यंत ती बिचारी होती. बिचारीला माणूस पांढरं देतो. पण जी आपल्याला ओळखते तिला कोण काय देईल?

चार वाजता चिठ्ठ्या झाल्या. साहेबांनी छापील कागद आणले होते, एक आणि दोन, समोर चौकोन. नुसती फुली मारायची. फुलीला हात नसतो. मोजायचं काम आता मास्तरणीकडे नव्हतं, म्हणून तिलाही चिठ्ठी मिळाली. कारखान्यातलं तिचं पहिलं मत. तिने पेन्सिल इतकी दाबून फुली मारली, की कागद फाटेल असं वाटलं.

साहेबांनी मोजलं. दोनदा मोजलं. घसा साफ केला.

"दुसरी योजना, बेचाळीस. पहिली योजना... एक."

चिठ्ठी गुप्त होती. ती एक कोणाची हे विचारायची कोणाला गरज पडली नाही. या वेळी मात्र डोकी वळली, सगळीच्या सगळी, आणि त्यांत शरम नव्हती. ऊन उतरल्यावर घरं कशी मोकळी वाटतात, तशी ती तोंडं होती.

नणंद तिच्याजवळ आली. आवाज अगदी मऊ होता, घरातला. "अगं, तूही दोनवरच मारायचीस. एकमत झालं असतं. निदान लोकांच्या डोळ्यांत तरी चांगली राहिली असतीस."

"तेच म्हणतो मी," साहेब म्हणाले. "मालकांना कळवताना एकमताने असं लिहिलं तर बरं दिसेल. शिवाय अर्जावर सगळ्यांच्या सह्या लागतातच, नाहीतर कोणाचाच विमा होत नाही. इथे, हां, इथे खाली. वरच्या रकान्यात घरात आधीपासूनचा आजार आहे का ते लिहायचं. 'आहे' एवढंच लिहा, जागा लहान आहे."

तिने 'आहे' लिहिलं. खाली सही केली. सही न करता घरी जायचं, हा विचार तिच्या मनात येऊन गेला. पण मग बेचाळीस घरं तिच्या दारात आली असती, आणि लांब्याच्या बायकोचे दिवस भरत आले होते. लांब्याची सही तिच्या वरच होती. गोल, हलकी, शेवटचं वळण पहिल्या अक्षराशी आणून मिळवलेली.

घरी मास्तरने विचारलं नाही. तिने चपला काढल्या त्या आवाजावरूनच त्याला कळलं असावं. दोघं जेवली. मग त्याने भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं.

"पुढच्या महिन्यापासून ना?"

"हो."

"आपल्या पैशांत एक बसेल का?"

"आठवड्याला एक बसेल. ओढूनताणून."

"मग कोणता ठेवायचा?" तो बाजारात भाजी निवडावी तसा म्हणाला. "मंगळवारी गर्दी कमी असते. पण शुक्रवारची नर्स एका दमात सुई लावते. मंगळवारची शोधतच बसते, शीर म्हणजे काय हरवलेली किल्ली आहे!"

"डॉक्टर काय म्हणाले होते, एकावर..."

"ते मला ठाऊक आहे, तू म्हणू नकोस." त्याने बोट कॅलेंडरवरून खाली नेलं. "शुक्रवार ठेवू. आणि लांब्याला सांग, आता एकच दिवस यायचं. बाळ येतंय त्याच्या घरी, दोनदा तीन जिने म्हणजे पोराचे हाल होतात. सांगशील ना?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. कॅलेंडर त्याच्या मांडीवरून उचलून परत भिंतीला लावलं.

"सांगते."

बुधवारी सकाळी घरूनच तिने दवाखान्यात फोन लावला. मास्तर पलंगावर टेकून ऐकत होता. पलीकडून तरुण, टवटवीत आवाज आला. मास्तरणीने पेशंटचा नंबर सांगितला. पुढच्या महिन्यापासून मंगळवार नको, असं सांगितलं.

"बदलून हवाय का दुसरा वार?"

"नाही. नकोच आहे."

"म्हणजे ती जागा मी दुसऱ्या कोणाला देऊ ना? परत मागितलीत तर मिळणार नाही हं. सोळा जणांचं वेटिंग आहे."

"द्या."

पलीकडे कळा दाबल्याचा आवाज आला. मग ती मुलगी काहीतरी म्हणाली, आणि फोन बंद झाला. मास्तरणीने फोन पदराने पुसला आणि फडताळावर ठेवला.

"काय म्हणाली?" मास्तरने विचारलं.

"धन्यवाद म्हणाली."